हवाई वाहतूक नियंत्रकाच्या वर्तनाचे संगणकीय सिम्युलेशन कसे उभारावे

विमान किती वेगाने चढते, कसे वळते आणि किती इंधन जाळते हे अचूक सांगणारी सिम्युलेशन सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. त्यांतील नियंत्रक मात्र बहुधा नावापुरताच असतो. दोन विमाने ठरलेल्या किमान अंतरापेक्षा जवळ येण्याची शक्यता, म्हणजेच कॉन्फ्लिक्ट, निर्माण होताक्षणी त्याला ती कळते, त्याची सूचना त्याच क्षणी पोहोचते आणि वैमानिकही ती त्याच क्षणी पाळतो. अशा नियंत्रकाच्या आधारे काढलेले क्षमतेचे आकडे फसवे असतात, कारण आकाशाच्या एखाद्या तुकड्यातून, म्हणजे सेक्टरमधून, तासाला किती विमाने सुरक्षित नेता येतील हे विमानांपेक्षा पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या लक्षावर, स्मरणावर आणि त्याच्या हाती असलेल्या सेकंदांवर अधिक अवलंबून असते. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे: मॉडेलला आधी वेळ खर्च करायला शिकवावे, हुशारी नंतर द्यावी. वाचकाला पायथॉनची कामापुरती ओळख आहे आणि सदिशांचे गणित आठवते, एवढे मी गृहीत धरले आहे.

आधी प्रश्न ठरवा

सिम्युलेशन कोणत्या प्रश्नासाठी हवे आहे हे कागदावर एका वाक्यात लिहिल्याशिवाय संगणक उघडू नये. केवळ कामाचा भार मोजायचा असेल तर वर्तनाचे सखोल मॉडेल लागत नाही. युरोपातील हवाई वाहतुकीचा समन्वय करणाऱ्या युरोकंट्रोल या संस्थेच्या कॅपॅन पद्धतीत प्रत्येक कामाला लागणारी सेकंदे बेरजेत धरतात आणि तासाभरात ही बेरीज 42 मिनिटांच्या, म्हणजे 70 टक्क्यांच्या वर गेली की सेक्टर भरला असे मानतात. हा हिशेब साधा असून नियोजनासाठी उपयुक्त आहे. परंतु ‘एकाच नियंत्रकाने दोन सेक्टर एकत्र सांभाळले तर धोका त्याच्या किती उशिरा लक्षात येईल’ असा प्रश्न असेल, तर बेरीज पुरत नाही. लक्ष कुठे होते, कोणते काम अर्धवट राहिले आणि कोणती गोष्ट आठवणीतून निसटली हे मॉडेलमध्ये यावेच लागते. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी आहे.

त्यानंतर सेक्टर निवडावा. मराठी विद्यार्थ्याला मुंबई विमानतळाच्या अप्रोच नियंत्रणाचा, म्हणजे विमानतळाजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या नियंत्रणाचा, मोह होणे स्वाभाविक आहे, पण पहिल्या मॉडेलसाठी तो विषय टाळावा असे माझे मत आहे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे उतरणाऱ्या आणि उडणाऱ्या विमानांची गुंफण, त्यांचा क्रम आणि त्यांतील अंतरे हाच तिथल्या कामाचा गाभा होतो, आणि तो गाभा नीट पकडण्यासाठी टॉवरचेही मॉडेल करावे लागते. मुंबई फ्लाइट इन्फर्मेशन रीजनचा, म्हणजे मुंबईकडे सोपवलेल्या हवाई क्षेत्राचा, मोठा भाग अरबी समुद्रावर पसरलेला आहे. तिथे किनाऱ्यापासून दूर रडार पोहोचत नाही आणि विमानांमधील अंतरांचे नियमही वेगळे असतात. म्हणून जमिनीवरचा, रडारच्या टप्प्यातला, उंचावरचा एक सेक्टर घ्यावा: फ्लाइट लेव्हल 290 ते 410 (म्हणजे ढोबळमानाने 29,000 ते 41,000 फूट), एकमेकांना छेदणारे तीन-चार मार्ग, आडवे किमान अंतर 5 सागरी मैल आणि उभे 1000 फूट. बहुतेक विमाने सपाट उडत असल्याने गुंतागुंत आवाक्यात राहते.

आकाश उभे करणे

विमानांची हालचाल स्वतः लिहीत बसू नये. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तांत्रिक विद्यापीठाने विकसित केलेले ब्लूस्काय हे मुक्त स्रोत सिम्युलेटर पायथॉनमध्ये असून त्याला प्लगइन जोडता येतात. आपला नियंत्रक हे असेच एक प्लगइन असेल. परिस्थितीचे वर्णन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, प्रत्येक ओळीत वेळ आणि आज्ञा अशा रूपात देता येते. विमानांच्या कामगिरीसाठी याच विद्यापीठातून आलेले ओपनएपी हे खुले मॉडेल वापरता येते. युरोकंट्रोलचे बाडा अधिक तपशीलवार आहे, पण त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. खऱ्या वाहतुकीचे नमुने ओपनस्काय नेटवर्ककडून संशोधनासाठी मिळू शकतात. ही माहिती विमाने स्वतःच्या स्थितीबद्दल प्रसारित करतात त्या एडीएस-बी संदेशांवरून, मुख्यतः स्वयंसेवकांच्या रिसीव्हरांमार्फत गोळा होते. त्यामुळे आपल्या सेक्टरवर ती कुठे तुटक आहे हे आधी पाहून घ्यावे.

ब्लूस्कायमधील स्वयंचलित कॉन्फ्लिक्ट-निवारण आठवणीने बंद करावे, नाहीतर आपला नियंत्रक उशीर करत असताना सॉफ्टवेअर परस्पर विमाने वळवत राहील आणि निकाल विनाकारण सुंदर दिसतील. कॉन्फ्लिक्ट शोधण्याची सोय मात्र चालू ठेवावी. तिची नोंद फक्त परीक्षकाच्या फाइलमध्ये जावी, नियंत्रकाला ती कधीही दिसू नये.

वास्तव, पडदा आणि मनातले चित्र

संपूर्ण रचनेत मी सर्वांत जास्त महत्त्व या पायरीला देतो. प्रोग्राममध्ये तीन स्वतंत्र नोंदवह्या ठेवाव्यात. पहिलीत विमानांची खरी स्थिती असेल. दुसरीत पडद्यावर दिसणारी स्थिती असेल, जी रडारच्या फेरीगणिक बदलते. अप्रोच रडारला एका फेरीसाठी साधारण 4 ते 5 सेकंद आणि लांब पल्ल्याच्या रडारला 10 ते 12 सेकंद लागतात. तिसरीत नियंत्रकाच्या मनातले चित्र असेल: प्रत्येक विमान त्याने शेवटचे कधी पाहिले, तेव्हा ते कुठे होते, त्याला कोणती सूचना दिली आहे आणि पुढे त्याचे काय करायचे ठरले आहे. नियंत्रकाचा प्रत्येक निर्णय केवळ या तिसऱ्या वहीवरून व्हावा. पहिल्या वहीतील एकही आकडा थेट त्याच्या हाती लागत नाही ना, हे कोडमध्ये बारकाईने तपासावे.

ही शिस्त का हवी हे भारतातील एका दुर्घटनेवरून कळते. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग 747 आणि कझाकस्तानचे इल्युशिन 76 यांची हवेत टक्कर होऊन 349 जणांचा मृत्यू झाला. इल्युशिनला 15,000 फुटांपर्यंत उतरण्याची आणि बोइंगला 14,000 फुटांपर्यंत चढण्याची परवानगी होती. इल्युशिन आपल्या मर्यादेखाली उतरले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानांची उंची दिसत नसे, नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावर विसंबावे लागे. ज्या मॉडेलमध्ये नियंत्रक वास्तव थेट पाहू शकतो, त्यात ही दुर्घटना घडूच शकत नाही, आणि म्हणून ते मॉडेल तिच्याविषयी काही सांगूही शकत नाही.

नियंत्रकाचा सांगाडा

आता नियंत्रक घडवू. त्याला दोन मार्गिका द्याव्यात: डोळे आणि आवाज. आवाजाच्या मार्गिकेवर एका वेळी एकच गोष्ट चालते, कारण रेडिओच्या एका फ्रिक्वेन्सीवर एक जण बोलत असताना दुसऱ्याला थांबावे लागते. शेजारच्या सेक्टरशी फोनवर बोलणेही याच मार्गिकेत धरावे. डोळे मात्र ठरावीक स्वरूपाचे बोलणे चालू असताना पडद्यावर फिरू शकतात, जरी त्यांची गती मंदावते.

प्रत्येक कामासाठी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: ते कशामुळे सुरू होते, त्याला किती वेळ लागतो, त्याची निकड किती आणि ते मध्येच थांबवता येते का. नव्या विमानाचा पहिला कॉल घेणे, कॉन्फ्लिक्ट शोधणे, सूचना देऊन रीडबॅक (वैमानिकाने ती परत म्हणून दाखवणे) ऐकणे, सूचना पाळली गेली का ते पाहणे, शेजारच्या सेक्टरशी समन्वय करणे, विमान पुढच्या सेक्टरकडे सोपवणे आणि विमानाच्या माहितीची पट्टी (स्ट्रिप) किंवा पडद्यावरचे लेबल अद्ययावत करणे एवढी कामे सुरुवातीला पुरतात. वेळ एका ठरावीक आकड्याने न देता लॉगनॉर्मल वितरणातून उचलावा, कारण माणसाच्या कामाचे वेळ उजवीकडे लांब शेपूट असलेले असतात. सूचना आणि रीडबॅक मिळून सुमारे 10 सेकंदांचा मध्यक धरून आरंभ करता येईल. पण हा केवळ काम सुरू करण्यापुरता अंदाज आहे, त्याच्या जागी मोजलेले आकडे यायला हवेत.

डोळ्यांचे फिरणे असे लिहावे की पुढे कोणते विमान पाहिले जाईल याची शक्यता तीन गोष्टींनी वाढेल: ते शेवटचे पाहिल्याला किती वेळ झाला, ते सेक्टरच्या सीमेजवळ आहे का आणि त्याच्याबाबत एखादे काम बाकी आहे का. धोक्याचा इशारा लुकलुकू लागला तर शक्यता एकदम वाढते, पण ती 1 होत नाही. प्रत्येक दृष्टिक्षेपानंतर मनातल्या चित्रातील त्या विमानाची नोंद ताजी होते आणि बाकीच्यांची जुनी होत जाते.

निकडीचा क्रम काटेकोर ठेवण्याची चूक अभियंत्यांकडून हमखास होते. सुरक्षिततेचे काम नेहमी प्रथम, असा नियम लिहिला की मॉडेल आदर्श वागते, पण माणूस तसा वागत नाही. कानावर पडलेला कॉल त्याला खेचतो आणि चालू असलेला शोध मागे राहतो. म्हणून मध्येच थांबलेले काम यादीत परत घालताना ते कायमचे हरवण्याची एक लहान शक्यता ठेवावी आणि व्यत्यय जितका लांबेल तितकी ती वाढू द्यावी.

कॉन्फ्लिक्ट ओळखणे

दोन विमाने एकमेकांच्या सर्वांत जवळ कधी येतील हे शोधण्याचे गणित छोटे आहे. सापेक्ष स्थितीचा आणि सापेक्ष वेगाचा बिंदुगुणाकार घ्यावा, त्याचे चिन्ह बदलावे आणि सापेक्ष वेगाच्या वर्गाने भागावे. उत्तर तासांत मिळते. समजा, अ हे विमान 480 नॉट (तासाला सागरी मैल) वेगाने पूर्वेकडे जात आहे. ब हे त्याच्यापासून 40 सागरी मैल पूर्वेला व 34 मैल दक्षिणेला असून 450 नॉट वेगाने उत्तरेकडे जात आहे. सापेक्ष स्थिती (40, −34) आणि सापेक्ष वेग (−480, 450) धरल्यास बिंदुगुणाकार −34,500 येतो, वेगाचा वर्ग 4,32,900 येतो आणि सुमारे 4.8 मिनिटांनी ती सर्वांत जवळ येतात. तेव्हाचे अंतर साधारण 2.6 सागरी मैल असेल. दोघेही एकाच लेव्हलवर असतील तर हा स्पष्ट कॉन्फ्लिक्ट आहे.

आता ब च्या मागून 50 नॉटचा वारा वाहतो असे धरून वेग 500 नॉट घ्या. तेच अंतर सुमारे 5.3 मैलांवर जाते आणि कॉन्फ्लिक्ट नाहीसा होतो. जेट विमानांच्या उंचीवर एवढा वारा ही नवलाची गोष्ट नाही. याचा अर्थ असा की वेगाच्या अंदाजातील मध्यम चूकही ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यात फरक पाडते, आणि म्हणूनच अनुभवी नियंत्रक 5 मैलांवर अडून न राहता वाढीव अंतर राखतो.

मॉडेलमधील नियंत्रकाने हे गणित सर्व जोड्यांवर करता कामा नये. 15 विमानांच्या 105 जोड्या होतात आणि कोणीही त्या एकेक करून तपासत नाही. माणूस आधी लेव्हल पाहतो. ज्यांच्या लेव्हल वेगळ्या आणि स्थिर आहेत त्या जोड्या तिथेच सुटतात. उरलेल्यांपैकी ज्यांचे मार्ग एकमेकांकडे झुकतात तेवढ्याच तो पुढे पाहतो आणि वेगांचा विचार शेवटी करतो. हीच चाळणी मॉडेलमध्ये घालावी, प्रत्येक टप्प्याला वेळ द्यावा आणि अंतिम गणितात मनातल्या चित्राच्या जुनेपणानुसार वाढणारी यादृच्छिक चूक मिसळावी. अंदाजित अंतर उंबरठ्याखाली आले तर कारवाई, थोडे वर असेल तर ‘पुन्हा पाहा’ अशी नोंद, असे दोन उंबरठे ठेवावेत. ही ‘पुन्हा पाहा’ची यादीच पुढे भाराखाली गळू लागते.

उपाय निवडणे

लेव्हल बदलणे, हेडिंग (नाकाची दिशा) देऊन वळवणे, वेग बदलणे आणि पुढच्या बिंदूकडे थेट पाठवणे हे चार उपाय पुरेसे आहेत. प्रत्येक उपायाला गुण देताना इंधन आणि विलंब यांसोबत एक घटक आवर्जून घ्यावा: या उपायामुळे पुढे किती गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील? लेव्हल बदलली की प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. वळवलेल्या विमानाला मात्र काही मिनिटांनी मूळ मार्गावर परत आणावे लागते, आणि ते विसरले तर नवा प्रश्न उभा राहतो. सर्वाधिक गुणांचा उपाय दर वेळी न निवडता गुणांच्या प्रमाणात शक्यता देऊन निवड करावी, म्हणजे दोन नियंत्रकांच्या शैलीतील फरकही याच सूत्रातून व्यक्त करता येतो. निवडलेल्या उपायाने तिसऱ्या विमानाशी कॉन्फ्लिक्ट होतो का, हे फक्त मनातल्या चित्रातील विमानांशी ताडून पाहावे.

ब्रिटनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रण सेवा देणारी नॅट्स, अ‍ॅलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट आणि एक्सेटर विद्यापीठ यांच्या प्रोजेक्ट ब्लूबर्डमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने विमाने नियंत्रित करण्याचे संशोधन चालते. ते मोलाचे आहे, पण तिथला प्रश्न नियंत्रण कसे करावे हा आहे. आपला प्रश्न माणूस ते कसे करतो हा आहे, आणि उत्तम उपाय शोधणारा एजंट या कामी थेट वापरता येत नाही.

भार वाढला की पद्धत बदलते

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ झाँ-क्लोद स्पेरान्दियो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिले की विमानांची संख्या वाढते तेव्हा नियंत्रक तेच काम अधिक घाईने करत नाही, तो कामाची रीतच बदलतो. विमाने थोडी असताना तो प्रत्येकाचा वेग, मार्ग, उंची असे अनेक घटक विचारात घेऊन सोयीचा मार्ग देतो. गर्दी वाढली की प्रत्येक विमानाबाबत कमी घटक पाहतो आणि ठरावीक, साचेबंद मार्गांकडे वळतो. त्यामुळे भार आणि विमानांची संख्या यांचे नाते सरळ रेषेचे राहत नाही.

मॉडेलमध्ये यासाठी तीन अवस्था कराव्यात: निवांत, भरलेली आणि तुंबलेली. निवांत अवस्थेत थेट मार्गांच्या विनंत्या मान्य होतात आणि चारही उपायांची तुलना होते. भरलेल्या अवस्थेत फक्त लेव्हल आणि हेडिंग उरतात, वाढीव अंतर मोठे होते. तुंबलेल्या अवस्थेत नवी विमाने शेजारच्या सेक्टरलाच थोपवून धरायला सांगितले जाते. अवस्था बदलण्यासाठी मागील काही मिनिटांतील व्यग्रता आणि प्रलंबित कामांची संख्या घ्यावी. वर जाण्याचा उंबरठा खाली येण्याच्या उंबरठ्यापेक्षा उंच ठेवावा, नाहीतर मॉडेल दर काही सेकंदांनी अवस्था बदलत राहील.

विसर आणि चुकीचे ऐकणे

स्मरणासाठी एसीटी-आर या संज्ञानात्मक आराखड्यातील सूत्र वापरावे: एखादी नोंद जितक्या वेळा आणि जितकी अलीकडे वापरली तितकी ती सहज आठवते, आणि ऱ्हासाचा घातांक प्रथेने 0.5 घेतात. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेच्या अँबर प्रकल्पात एसीटी-आरसह चार वेगवेगळ्या आराखड्यांची तुलना सोप्या केलेल्या हवाई नियंत्रणाच्या कामावरच झाली होती, हे इथे सांगण्याजोगे आहे.

विसरण्याइतकीच सवयीची चूकही महत्त्वाची आहे. नासाच्या एम्स केंद्रात मायकेल फ्रीड यांनी 1990च्या दशकात अ‍ॅपेक्स हे मॉडेल घडवले. घाईत असलेला नियंत्रक, परिस्थिती बदलली आहे हे ठाऊक असूनही, नेहमीचीच धावपट्टी देऊन बसतो, अशा प्रकारची चूक त्यांनी मॉडेलमध्ये आणली. आपल्या मॉडेलमध्ये प्रत्येक निर्णयाला एक नेहमीचे उत्तर असावे आणि अपवादाची नोंद वेळेत आठवली नाही तर तेच बाहेर पडावे. रीडबॅकसाठी दोन स्वतंत्र शक्यता लागतात: वैमानिकाने चुकीचे ऐकण्याची, जी सारख्या कॉलसाइनमुळे (रेडिओवर विमानाला हाक मारण्याच्या नावामुळे) वाढते, आणि नियंत्रकाच्या ती चूक लक्षात न येण्याची, जी भारामुळे वाढते.

आकडे कुठून आणायचे

कामांचे वेळ प्रत्यक्ष निरीक्षणातून घेणे सर्वांत चांगले, पण चालू नियंत्रण कक्षात प्रवेश मिळणे कठीण असते. त्यापेक्षा प्रशिक्षण सिम्युलेटरवरील सत्रे अधिक सोयीची, कारण तिथे तीच परिस्थिती अनेकांना देता येते. भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाच्या प्रशिक्षण संस्था प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियात आहेत. विद्यापीठाच्या मार्फत, लेखी प्रस्तावासह विनंती करावी. सहभागी नियंत्रकांची लेखी संमती घ्यावी आणि नोंदींतून त्यांची ओळख काढून टाकावी. परवानगीशिवाय रेडिओवरील संभाषण ध्वनिमुद्रित करू नये. सत्र चालू असताना ठरावीक अंतराने 1 ते 5 या पट्टीवर नियंत्रकाकडून भाराचे स्वमूल्यांकन घ्यावे. तीन अवस्थांचे उंबरठे त्यावरूनच बसवता येतात.

मॉडेल तपासणे

ज्या सत्रांवरून आकडे बसवले ती तपासणीसाठी वापरू नयेत. तुलना सरासरीची न करता वितरणांची करावी: कॉन्फ्लिक्टच्या किती मिनिटे आधी सूचना गेली, उपायांमध्ये लेव्हल व हेडिंगचे प्रमाण किती, पहिल्या कॉलला उत्तर किती वेळाने मिळाले. याशिवाय खऱ्या आणि मॉडेलच्या सत्रांचे रीप्ले मिसळून अनुभवी नियंत्रकांना दाखवावेत आणि यंत्र कोणते हे ओळखायला सांगावे. ते कशावरून ओळखतात हेच दुरुस्तीसाठी सर्वांत मौल्यवान असते.

शेवटची कसोटी म्हणून 1 जुलै 2002च्या रात्रीची जर्मनीतील युबरलिंगेनची परिस्थिती उभी करावी. फ्लाइट लेव्हल 360 वर उडणारी टुपोलेव्ह 154 आणि मालवाहू बोइंग 757 ही विमाने खाली उतरत असताना त्यांची टक्कर होऊन 71 जण मरण पावले. झुरिकच्या कक्षात एकच नियंत्रक दोन कार्यस्थाने सांभाळत होता. देखभालीच्या कामामुळे धोक्याचा दृश्य इशारा उपलब्ध नव्हता आणि फोनची मुख्य लाइन बंद होती. फ्रिडरिशहाफेनला उतरणाऱ्या एका विलंबित विमानासाठी फोन लावण्यात त्याचे लक्ष गुंतले होते. टुपोलेव्हला खाली उतरण्याची सूचना टकरीच्या अवघी पाऊण मिनिट आधी गेली, आणि त्यानंतर काही सेकंदांतच विमानातील टक्कर टाळण्याच्या टीकॅस यंत्रणेने त्याला वर जायला सांगितले.

ही परिस्थिती वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (यादृच्छिक आकड्यांची मालिका सुरू करणाऱ्या संख्यांनी) किमान काही शे वेळा चालवावी. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: फोन चालू, इशारा चालू, दुसरा नियंत्रक जागेवर. प्रत्येक बदलासाठी तीच बीजे पुन्हा वापरावीत, म्हणजे फरक नशिबाचा नसून बदलाचा आहे हे ठामपणे म्हणता येईल. अहवालात सूचनेच्या वेळेची सरासरी न देता सर्वांत उशिराच्या 5 टक्के खेपा वेगळ्या काढाव्यात, आणि त्यांतील प्रत्येकीत ‘पुन्हा पाहा’च्या यादीतून कोणती नोंद, कोणत्या व्यत्ययात गळली हे सेकंदाच्या हिशेबाने लिहावे.